रात्रीची शिकार: थर्मल की नाइट व्हिजन? 'दिसलं' आणि 'ओळखलं' यातला फरक नेमका काय?

नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडच्या शिवारात वन विभागाच्या पथकानं रात्रीच्या वेळी एक बिबट्या ठार केला. त्याआधीच्या साधारण तीन आठवड्यांत या भागात बिबट्याच्या हल्ल्यात तिघांचा जीव गेला होता. त्यात दोन लहान मुलं होती. गावकऱ्यांचा संताप इतका होता की रस्ता अडवला गेला. अंधारात बिबट्या सापडला तो थर्मल ड्रोनमुळे. आधी बेशुद्ध करण्यासाठी डार्ट मारला, तो चुकला, बिबट्या चवताळून पथकाच्या दिशेनं आला आणि मग नेमबाजांनी गोळी झाडली, असं वन विभागाकडून सांगण्यात आलं.

या बातमीनंतर 'थर्मल' हा शब्द जुन्नर-शिरूर-आंबेगाव पट्ट्यात घरोघरी पोहोचला. पण बोलताना बरेच जण थर्मल आणि नाइट व्हिजन हे एकच समजतात. दोन्ही रात्री बघायला लागतात, एवढंच त्यांच्यात साम्य आहे. काम करण्याची पद्धत पूर्ण वेगळी, आणि दोघांच्या चुकाही वेगळ्या.

हा फरक ज्यांना रोज रात्री स्वतःच्या खिशातून पैसे घालून समजून घ्यावा लागतो, असे लोक अमेरिकेत आहेत. टेक्सास राज्यात रानडुकरांची रात्रीची शिकार कायदेशीर आहे आणि थर्मल घ्यावं की नाइट व्हिजन, हा तिथल्या शेतकऱ्यांचा आणि शिकाऱ्यांचा नेहमीचा वादाचा विषय आहे. म्हणून आधी तंत्र समजून घेऊ, मग टेक्सासला जाऊ आणि मग आपल्याकडे या सगळ्याचा अर्थ काय होतो ते पाहू.

नाइट व्हिजन उजेड वाढवतं, थर्मल उष्णता बघतं

नाइट व्हिजनला थोडा का होईना, उजेड लागतो. चांदण्यांचा, चंद्राचा, लांबच्या गावातल्या दिव्यांचा. हा अगदी फिका प्रकाश भिंगातून आत येतो आणि एका खास थरावर पडतो. तिथे प्रकाशाचं रूपांतर इलेक्ट्रॉनमध्ये होतं. पुढे लाखो सूक्ष्म छिद्रं असलेली एक चकती असते. तिच्यातून जाताना एका इलेक्ट्रॉनचे हजारो होतात. शेवटी ते फॉस्फरच्या पडद्यावर आदळतात आणि चित्र उमटतं. सिनेमात दिसणारं हिरवं चित्र ते हेच. हिरव्या रंगाच्या बारीक छटा माणसाच्या डोळ्याला चांगल्या कळतात, म्हणून तो रंग. आता पांढऱ्या फॉस्फरच्या नळ्याही मिळतात.

हे तंत्र युद्धातून आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मन आणि अमेरिकन सैन्याकडे रायफलवर बसवायच्या इन्फ्रारेड दुर्बिणी होत्या. पण त्यांना सोबत इन्फ्रारेड दिवा आणि जड बॅटरी बाळगावी लागायची. व्हिएतनाम युद्धात दिव्याशिवाय फक्त चांदण्यावर चालणारी उपकरणं आली. आज ज्याला 'जनरेशन ३' म्हणतात त्या नळ्यांमध्ये गॅलियम आर्सेनाइड वापरलेलं असतं.

याच घरातला स्वस्त भाऊ म्हणजे डिजिटल नाइट व्हिजन. यात नळी नसते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात असतो तसा सेन्सर असतो आणि सोबत एक इन्फ्रारेड दिवा. तो दिवा आपल्या डोळ्यांना दिसत नाही, सेन्सरला दिसतो. घरी करून बघायचं असेल तर टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बहुतेक फोनमध्ये रिमोटच्या टोकाला जांभळट ठिपका चमकताना दिसेल. डिजिटल नाइट व्हिजन म्हणजे मुळात हेच, फक्त दिवा खूप जोरदार. हे दिवे साधारणपणे ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचे असतात. ८५० वाल्याचा उजेड लांब जातो, पण समोरून पाहिलं तर हलकी लाल ठिणगी दिसते. ९४० वाल्याची दिसत नाही, पण त्याचा पल्ला कमी.

थर्मलला मात्र उजेडाशी देणंघेणंच नाही. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानाप्रमाणे इन्फ्रारेड किरणं बाहेर टाकत असते. माणूस, डुक्कर, दगड, गरम झालेलं इंजिन, सगळंच. थर्मल कॅमेरा यातली ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीची किरणं टिपतो. आत मायक्रोबोलोमीटर नावाचा सेन्सर असतो. त्यातला प्रत्येक पिक्सेल किरणांमुळे किंचित तापतो, त्याचा विद्युत रोध बदलतो आणि त्या बदलाचं चित्र बनतं. म्हणजे थर्मलमध्ये आपण जे पाहतो ते तापमानाचे फरक दाखवणारा नकाशा असतो. पडद्यावरचा पांढरा, काळा किंवा नारिंगी रंग हा कंपनीनं त्या नकाशाला दिलेला रंग आहे, प्राण्याचा नाही.

यातून काही गमतीशीर गोष्टी घडतात. साधी काच या किरणांना भिंतीसारखी असते, त्यामुळे थर्मल कॅमेरा बंद खिडकीतून बाहेर बघू शकत नाही. म्हणूनच त्याची भिंगं काचेची नसतात, जर्मेनियम या महागड्या मूलद्रव्याची असतात. आणि 'थर्मल भिंतीपलीकडचं बघतं' हा समज सिनेमातून आलेला आहे. ते भिंतीपलीकडचं बघत नाही. दाट पानांपलीकडचंही बघत नाही. पानांमधल्या फटीतून उष्णतेचा ठिपका दिसला तर दिसला.

टेक्सासमध्ये एवढी डुकरं आली कुठून?

डुक्कर हा अमेरिकेतला मूळ प्राणी नाही. १६ व्या शतकात स्पॅनिश लोकांनी खाण्यासाठी आणलेली डुकरं सुटली, रानात वाढली. पुढे २० व्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीसाठी युरोपातून रानडुकरं आणून सोडली गेली. दोघांचा संकर झाला. आज अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अंदाजानुसार देशात ६० लाखांहून जास्त रानटी डुकरं आहेत आणि ती किमान ३५ राज्यांत पसरली आहेत. सगळ्यात जास्त टेक्सासमध्ये. पेरलेलं बी उकरणं, भुईमूग-मका लोळवणं, पाणवठे घाण करणं, हे सगळं विदर्भातल्या किंवा कोकणातल्या शेतकऱ्याला वेगळं समजावून सांगायला नको.

टेक्सासनं यावर कायदे सैल करत नेले. २०११ मध्ये हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायला परवानगी दिली. सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर, जमीनमालकाच्या संमतीनं डुकरं मारायची असतील तर शिकारीचा परवानाही लागत नाही. हंगामाचं बंधन नाही, संख्येचं नाही, रात्रीचंही नाही. आणि शिकारीचा त्रास वाढला तसं डुकरांनी दिवसा बाहेर पडणं कमी केलं. ती रात्रीची झाली. मग त्यांच्यामागे माणसंही रात्रीची झाली आणि उपकरणांची बाजारपेठ उभी राहिली.

आज तिथे इन्फ्रारेड दिव्याचा डिजिटल स्कोप काही शे डॉलरमध्ये येतो. सुरुवातीचा थर्मल स्कोप साधारण हजार डॉलरच्या आसपासपासून सुरू होतो आणि चांगल्या सेन्सरचा घ्यायला गेलं तर तीन ते सहा हजारांपर्यंत जातो. जनरेशन ३ ची खरी नाइट व्हिजन नळी तीन हजारांच्या खाली क्वचितच. काही वर्षांपूर्वी थर्मल म्हणजे सैन्याची चैन होती. ते स्वस्त होत गेलं आणि डुकरांच्या शिकारीत त्यानं बाजी मारली.

कारण सरळ आहे. मोकळ्या शेतात रात्री चारशे मीटरवर डुकरांचा कळप चरत असेल तर थर्मलमध्ये तो क्षणात दिसतो. थंड जमिनीवर गरम ठिपके. नाइट व्हिजनमध्ये तोच कळप शोधायला डोळे ताणावे लागतात, कारण करड्या शेतात करडी डुकरं. इन्फ्रारेड दिवा लावला तर जवळचं गवत आणि धुकं उजळून निघतं आणि मागचं काहीच दिसत नाही. गाडीचे हेडलाइट धुक्यात लावल्यावर होतं तसं. शोधण्याच्या कामात थर्मलला तोड नाही, यावर फारसा वादही नाही.

वाद आहे तो पुढच्या पायरीवर.

ठिपका दिसला. पण कुणाचा?

टेक्सासच्या दक्षिण आणि पश्चिम भागात हॅवेलिना नावाचा प्राणी राहतो. दिसायला छोट्या डुकरासारखा, कळपानं फिरणारा. पण तो डुक्कर नाही आणि तो तिथला मूळ रहिवासी आहे. कायद्यानं तो 'गेम ॲनिमल' आहे, म्हणजे त्याची शिकार ठरावीक नियमांत आणि फक्त दिवसाच्या वेळेत करता येते. हरणांचंही तसंच. एकाच शेतात रात्री समोर तीन आकृत्या असतील तर डुकराला मारणं कायदेशीर, हॅवेलिनाला मारणं गुन्हा, हरणाला मारणंही गुन्हा. आणि कुणाचं तरी वासरू, कुणाचा तरी कुत्रा, कुणी तरी वाकून काम करणारा माणूस, हे वेगळंच.

थर्मलमध्ये हे सगळे गरम आकार आहेत. शेपटी, कानांची ठेवण, अंगावरचे केस, गळ्यातला पट्टा, यातलं बरंच काही लांबून पुसलं जातं. तरबेज शिकारी चालीवरून ओळखतात. डुक्कर मान खाली घालून, खुरडत, पटापट सरकतं, हरीण मान वर करून थबकतं, असं. पण हे अनुभवानं येतं, उपकरणाबरोबर डब्यात मिळत नाही.

इथे एक जुनं संशोधन उपयोगी पडतं. १९५८ मध्ये जॉन जॉन्सन या अमेरिकी लष्करी शास्त्रज्ञानं एक साधा प्रश्न विचारला: पडद्यावर एखादी वस्तू किती बारकाईनं दिसली की माणसाला तिच्याबद्दल काय सांगता येतं? त्यानं तीन पायऱ्या ठरवल्या. 'काहीतरी आहे' हे कळणं, 'कोणत्या प्रकारचं आहे' हे कळणं आणि 'नेमकं काय आहे' याची ओळख पटणं. आजच्या पिक्सेलच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या पायरीला वस्तूवर साधारण २ पिक्सेल पुरतात, दुसरीला ८ आणि तिसरीला १३ च्या आसपास लागतात.

आता हे गणित एका नेहमीच्या थर्मल स्कोपवर मांडू. समजा सेन्सर १२ मायक्रॉन पिक्सेलचा आहे आणि भिंग ३५ मिलिमीटरचं. मग १०० मीटरवर एक पिक्सेल सुमारे साडेतीन सेंटिमीटर जागा व्यापतो. डुक्कर पाऊण मीटर उंच धरलं तर 'काहीतरी आहे' हे जवळपास ११०० मीटरवरून कळतं. 'चार पायांचं जनावर आहे' हे २७० मीटरच्या आसपास. आणि 'हे डुक्करच' हे १७० मीटरच्या आत आल्यावर.

जाहिरातीत कोणता आकडा छापला जातो? अर्थातच पहिला. बारकाईनं वाचलं तर तिथे 'डिटेक्शन रेंज' असं लिहिलेलं असतं आणि तोही बहुतेक वेळा उभ्या माणसाच्या उंचीवर काढलेला असतो, त्यामुळे आणखी मोठा. ग्राहक तो आकडा 'इथपर्यंत दिसतं' असा वाचतो. पण ओळख पटण्याचं अंतर त्याच्या सहाव्या भागापेक्षाही कमी आहे.

आणि जॉन्सनच्या निकषांतली आणखी एक बारीक ओळ: हे आकडे पन्नास टक्के शक्यतेचे आहेत. म्हणजे १३ पिक्सेल असताना निम्म्या वेळा निरीक्षकाची ओळख बरोबर येते. तीही हवा स्वच्छ आणि तापमानातला फरक चांगला असताना. बंदुकीचा घोडा दाबायला पन्नास टक्के खात्री पुरत नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

तापमानातला फरक हा मुद्दाही छोटा नाही. दिवसभर तापलेले दगड आणि बांध संध्याकाळी उशिरापर्यंत गरम राहतात. पाऊस पडून गेल्यावर सगळं शिवार एकाच तापमानाला येतं आणि चित्र फिकं, चपटं होतं. दमट हवेत पल्ला घटतो. कोकणात जुलैमध्ये आणि टेक्सासच्या कोरड्या डिसेंबरमध्ये एकच उपकरण एकसारखं चालणार नाही.

दुसरा धोका निशाण्याच्या मागचा. गोळी प्राण्याला लागून किंवा चुकून पुढे जाते. पुढे काय आहे? थर्मलमध्ये जवळपास सारख्याच तापमानाच्या गोष्टी एकमेकांत मिसळून जातात. तारेचं कुंपण, बारीक फांदी, मागची कच्ची सडक, पत्र्याची शेड, हे नाइट व्हिजनमध्ये बरंच स्पष्ट दिसतं, कारण ते साधं काळं-पांढरं चित्र असतं, आपल्या डोळ्यांच्या सवयीचं.

म्हणूनच ज्यांना परवडतं ते बरेच शिकारी दोन्ही ठेवतात. हातात छोटी थर्मल दुर्बीण फक्त शोधण्यासाठी, आणि रायफलवर ओळख पटवणारा स्कोप. माझं मत विचाराल तर 'थर्मल की नाइट व्हिजन' हा प्रश्न मांडण्याची पद्धतच दुकानदाराच्या सोयीची आहे. शोधणं आणि ओळखणं ही दोन कामं आहेत. एकाच उपकरणाचे पैसे असतील, तर ओळखता येईल इतक्या अंतरापर्यंतच गोळी झाडायची, ही मर्यादा शिकाऱ्यानं स्वतःवर घालायला हवी. हातात धरायच्या थर्मल दुर्बिणीचा आणखी एक फायदा आहे, जो सहसा कुणी बोलत नाही. रायफलवरचा स्कोप फिरवून शेत न्याहाळणं म्हणजे नळी प्रत्येक ठिपक्यावर रोखणं. तो ठिपका शेजारी असू शकतो.

हा धोका पुस्तकी नाही. डिसेंबर २०२० मध्ये फ्रान्समध्ये आपल्या घराजवळ लाकडं तोडणाऱ्या २५ वर्षांच्या तरुणाला शिकाऱ्यानं रानडुक्कर समजून गोळी घातली. त्यात तो गेला. त्यावरून तिथे इतकी मोठी मोहीम उभी राहिली की शिकारीच्या सुरक्षेचा प्रश्न फ्रेंच सिनेटपर्यंत गेला. आणि २०२५ च्या सुरुवातीला आपल्या पालघर जिल्ह्यात मनोरच्या भागात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांच्या गटात साथीदारालाच डुक्कर समजून गोळी लागल्याचं उघड झालं. तोही वाचला नाही. या दोन्ही घटनांच्या मुळाशी उपकरण नव्हतं. होती ती घाई: हालचाल झाली, म्हणजे डुक्करच असणार.

जर्मनीनं दार उघडलं, मिसुरीनं बंद केलं

युरोपात रात्रीच्या दुर्बिणींबद्दल कायदा जास्त सावध आहे. जर्मनीत रायफलला नाइट व्हिजन जोडणं शिकाऱ्यांना वर्षानुवर्षं मना होतं. २०२० मध्ये शस्त्र कायद्यात बदल करून शिकारीचा परवाना असलेल्यांना स्कोपला जोडायची नाइट व्हिजन उपकरणं वापरण्याची वाट मोकळी केली. प्रत्यक्ष शिकारीत ती कधी आणि कुणावर चालतील हे मात्र राज्यं ठरवतात आणि सवलत मुख्यतः रानडुकरांपुरती आहे.

यामागे पिकांपेक्षा मोठं कारण होतं: आफ्रिकन स्वाइन फीवर. माणसाला हा आजार होत नाही, पण डुकरांसाठी तो जीवघेणा. सप्टेंबर २०२० मध्ये जर्मनीच्या ब्रांडेनबुर्ग राज्यात एका मेलेल्या रानडुकरात तो सापडला आणि चीनसह अनेक देशांनी जर्मन डुकराचं मांस घेणं बंद केलं. तेव्हा कुंपणं घातली गेली, शिकार वाढवली गेली आणि रानात डुकरं व त्यांची मढी शोधायला थर्मल ड्रोन उडवले गेले. इथेही शोधायला थर्मलच.

अमेरिकेच्याच मिसुरी राज्यानं उलट रस्ता धरला. तिथल्या संवर्धन खात्यानं २०१६ पासून आपल्या ताब्यातल्या जमिनींवर डुकरांची शिकार बंद केली. का? कारण गोळी झाडली की कळपातली दोन-चार मरतात, बाकीची पांगतात, नव्या ठिकाणी जातात आणि सावध होतात. शिवाय शिकारीची मजा टिकावी म्हणून लोक डुकरं नव्या भागात नेऊन सोडतात, हाही अनुभव होता. त्यापेक्षा मोठा पिंजरा लावून अख्खा कळप एकदम पकडणं खात्यानं पसंत केलं.

टेक्सासमधल्या तज्ज्ञांचा हिशोबही शिकाऱ्यांना फार उत्साह देणारा नाही. डुकरांची संख्या नुसती आहे तिथे थांबवायची तरी दरवर्षी सुमारे दोन तृतीयांश डुकरं काढावी लागतात. सहा हजार डॉलरचा स्कोप घेऊन एका रात्रीत पाच डुकरं मारली तर शेतकऱ्याला त्या आठवड्यापुरता दिलासा मिळतो, प्रश्न जागचा हलत नाही. शिकारीच्या व्हिडिओंमध्ये हा भाग सहसा नसतो.

या दुर्बिणींमध्ये चीन कुठून आला?

वर दोन मूलद्रव्यांची नावं येऊन गेली. थर्मलच्या भिंगातलं जर्मेनियम आणि जनरेशन ३ नाइट व्हिजनच्या नळीतलं गॅलियम. या दोन्हींच्या उत्पादनात चीनचा वरचष्मा आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून चीननं दोन्हींच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. चिप्सवरून अमेरिकेशी चाललेल्या भांडणाचं ते उत्तर होतं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला होणारी निर्यात थेट बंद केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन्ही देशांत तात्पुरता समेट झाल्यावर ही बंदी वर्षभरासाठी स्थगित झाली आहे. मागे घेतलेली नाही, स्थगित.

गंमत अशी की टेक्सासच्या दुकानात दिसणाऱ्या स्वस्त थर्मलपैकी बरेचसे चिनी कंपन्यांचेच आहेत. दुसरीकडे अमेरिकेत बनलेली चांगली नाइट व्हिजन नळी सरकारच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे. सैन्याचं तंत्र शेतात आलं तरी त्याच्या भोवतीची भीती संपलेली नाही. अनेक थर्मल कॅमेरे सेकंदाला फक्त ९ चित्रं दाखवतात, हलत्या प्राण्यावर ती अडखळतात. याचं एक कारण हेच: वेगवान कॅमेऱ्यांवर निर्यातीचे निर्बंध कडक आहेत.

मग आपल्याकडे?

भारतात हौसेखातर शिकार हा विषयच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे. आणि कायद्यातला 'शिकार' हा शब्द फार रुंद आहे. मारणं तर आलंच, पण फास लावणं, विष घालणं, आमिष दाखवणं, हाकारणं, यातला प्रयत्नसुद्धा शिकारच. त्यामुळे हातात थर्मल असो की जुनी बॅटरी, परवानगीशिवाय डुकरामागे गेलं तर गुन्हा तोच.

अपवाद आहेत. कलम ११ खाली माणसाच्या जिवाला किंवा पिकांना धोका असेल तर अधिकारी ठरावीक प्राण्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. कलम ६२ खाली केंद्र सरकार एखादा प्राणी ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी उपद्रवी ठरवू शकतं. बिहारमध्ये रोही म्हणजे नीलगाय असाच उपद्रवी ठरवला गेला आणि जून २०१६ मध्ये मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून जास्त रोही मारले. तेव्हा पर्यावरणमंत्री असलेले प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी यांच्यात त्यावरून जाहीर वाद झाला होता. केरळनं २०२२ मध्ये रानडुकरं मारण्याचे आदेश देण्याचा अधिकार थेट स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवला. महाराष्ट्रातही पिकं उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकरांसाठी वन विभागाकडे अर्ज करण्याची सोय आहे, पण अर्ज, पंचनामा आणि परवानगी येईपर्यंत डुकरांनी शेत आटोपलेलं असतं, ही शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे.

पण आपल्याकडचा अवघड प्रश्न डुकराचा नाही, बिबट्या आणि वाघाचा आहे. आणि तो टेक्सासच्या प्रश्नापेक्षा एक पायरी पुढचा आहे. तिथे 'हे डुक्करच का?' एवढं कळलं की पुरतं. इथे 'हा बिबट्याच का?' हे कळून भागत नाही. 'हा तोच बिबट्या का?' हे कळावं लागतं. कारण परवानगी असते ती माणसावर हल्ला केलेल्या एका ठरावीक प्राण्याची, आणि जुन्नरच्या उसात बिबट्यांची कमी नाही.

वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके म्हणजे त्याचं आधार कार्ड. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. पण रात्री थर्मलमध्ये हे पट्टे-ठिपके जवळजवळ दिसतच नाहीत, कारण काळ्या आणि पिवळ्या केसांच्या तापमानात अंधारात फरक उरत नाही. उलट जंगलात झाडाला बांधलेला साधा कॅमेरा ट्रॅप इन्फ्रारेड दिव्याच्या उजेडात काळा-पांढरा फोटो काढतो आणि त्यात एकेक पट्टा मोजता येतो. हे तंत्र डिजिटल नाइट व्हिजनचंच. म्हणजे वाट्याला आलेली कामं तीच: एकानं शोधायचं, दुसऱ्यानं ओळखायचं. फक्त इथे ही दोन कामं वेगवेगळ्या रात्री होतात.

यवतमाळच्या पांढरकवडा भागात हेच घडलं होतं. १३ जणांच्या मृत्यूसाठी जबाबदार धरलेली टी-१, म्हणजे अवनी वाघीण. तिला शोधायला कॅमेरा ट्रॅप लावले, थर्मल कॅमेऱ्याचे ड्रोन उडवले, हत्ती आणले, परफ्यूमचं आमिषसुद्धा लावलं. शेवटी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री अंधारात, वाहनातून झाडलेल्या गोळीनं ती मेली. मेली ती टी-१ च होती. तरीही राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या पथकानं या कारवाईतल्या त्रुटींवर बोट ठेवलं, आणि आधी बेशुद्ध करण्याचा खरा प्रयत्न झाला का, या प्रश्नावरून वाद न्यायालयापर्यंत गेला.

पिंपरखेडला थर्मल ड्रोननं आपलं काम चोख केलं. मोकळ्या जागेत वर आकाशातून बघताना बिबट्या दिसतोच. उभ्या उसात तो शिरला की चित्र बदलतं. बारा फूट उंच, पात्यांचं छप्पर असलेल्या फडात वरून गरम ठिपका दिसेलच याची खात्री नाही. ड्रोनवर काही दिसलं नाही, याचा अर्थ फडात काही नाही असा घेतला, तर सकाळी ऊस तोडायला जाणारी टोळी त्या भरवशावर आत शिरते. पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत गाळपाचा हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो, कोयते अंधार असतानाच चालू होतात आणि टोळीबरोबर लहान मुलं बांधावर असतात. थर्मल ड्रोन उडवणाऱ्या पथकाला गावकरी विचारतात तो प्रश्न 'दिसला का?' असा असतो. 'या पिकात दिसला असता का?' हे विचारायला हवं, आणि त्याचं उत्तर पथकानं ड्रोन उतरवण्याआधी गावाला स्पष्ट सांगायला हवं.